यासीनभाईंची आजारी प्रवाळे

गेल्या वर्षी फेब्रुवारीत, एका बुधवारी सकाळी, खराडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीच्या स्वागतकक्षातील टाकीतून जिवंत प्रवाळे बाहेर काढून काळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरण्यात आली. ती बरी करण्याचे काम कंपनीनेच यासीन तांबोळी यांना दिले होते. त्यांना हे कळवण्यात आले नाही. ते बादल्या घेऊन पोचले तेव्हा मुख्य दारावरच्या सुरक्षारक्षकाने त्यांना आत सोडले नाही.

यासीनभाई निवृत्तीपूर्वी एका वर्तमानपत्राच्या छापखान्यात रंग विभागाचे प्रमुख होते. पानांतल्या छायाचित्रांचे रंग छपाईआधी तपासणारी ती खोली. मी त्याच वर्तमानपत्राच्या पुरवणीत उपसंपादक होतो. पुरवणी दुपारी छापली जायची, त्यामुळे जेवणानंतर पहिला नमुना हातात घेऊन त्यांच्यासमोर उभे राहणे हा माझ्या कामाचा भाग होता. ते नमुना माझ्या हातातून घेत, टेबलावर ठेवत नसत. सरळ उत्तरेच्या खिडकीशी जात. "ट्यूबखाली रंग बघायचा नाही," ते म्हणत. "ट्यूब सगळ्यांबद्दल चांगलं बोलते. तिच्या शब्दाला किंमत नाही."

ते कायम राखाडी शर्ट घालत. कारण विचारले तर सांगत की रंगीत शर्टाचा रंग कागदावर पडतो आणि मग माणूस शर्ट तपासत बसतो. छापखान्यात हे सगळ्यांना ठाऊक होते. घरी मात्र त्यांच्या पत्नी रेहानाभाभी यांची ती जुनी तक्रार होती. "ईदलासुद्धा राखाडीच," त्या मला एकदा म्हणाल्या. "फोटोत बघा, सगळं खानदान रंगीत आणि मधोमध हे, जसं काही सिमेंटचं पोतं."

यासीनभाईंच्या रागाची छापखान्यात एक गोष्ट सांगितली जाई. तिचा मी साक्षीदार आहे. शहरातल्या पुलांविषयी पुरवणीचे मुखपृष्ठ होते. मोठे छायाचित्र, खाली नदी. छायाचित्र विभागाने नदी निळी केली होती. यासीनभाईंनी खिडकीशी नमुना पाहिला आणि छपाईची प्लेट थांबवली.

छायाचित्र विभागाचे प्रमुख वर आले. "अहो तांबोळी, जरा फ्रेश दिसतंय. वाचकाला बरं वाटतं."

"आपण शेवटचं कधी पाहिलंत मुठेचं पाणी निळं?"

"पाहिलं नाही, पण..."

"मग एक काम करा. स्वित्झर्लंडचा फोटो टाका आणि खाली मुठा लिहा. माझी शाई तरी वाचेल."

पान उशिरा गेले, नदी जशी होती तशी छापली गेली. त्याच पानावर नदीकाठच्या सदनिकांची जाहिरात होती. दुसऱ्या दिवशी जाहिरातदाराचा फोन आला की नदी घाण दिसते आहे. व्यवस्थापनाने यासीनभाईंकडे खुलासा मागितला. त्यांनी तोंडी दिला. "त्यांना सांगा, नदी दुरुस्त करा. त्याच दिवशी मी प्लेट दुरुस्त करतो." त्या वर्षी त्यांची पदोन्नती झाली नाही. दोन्ही गोष्टींचा संबंध होता असे कोणी लेखी म्हटलेले नाही.

निवृत्तीनंतर ते वारज्याला राहायला गेले. शेजारचे कुटुंब परदेशी स्थायिक व्हायला निघाले आणि जाताना खाऱ्या पाण्याची टाकी यांच्या दारात ठेवून गेले. टाकीत एक मासा होता आणि काही प्रवाळे. घर बदलण्याच्या धावपळीत महिनाभर कोणी लक्ष दिले नव्हते. प्रवाळे पांढरी पडली होती. यासीनभाईंनी त्याआधी प्रवाळ फक्त अंगठीत पाहिले होते.

त्यांनी वाचायला सुरुवात केली. पुढे ते कोणालाही, विचारो न विचारो, जे सांगत ते थोडक्यात असे. प्रवाळ हा प्राणी आहे. त्याच्या कातडीच्या आत अतिसूक्ष्म शेवाळ राहते. ते उजेडावर अन्न तयार करते आणि घरभाडे म्हणून प्रवाळाला देते. प्रवाळाचा मूळ तपकिरी रंग त्या शेवाळाचा. निळा, हिरवा, गुलाबी हे रंग प्राण्याचे स्वतःचे, आणि ते तब्येत असेल तरच चढतात. पाणी फार तापले किंवा उजेड अचानक वाढला की प्रवाळ शेवाळाला बाहेर काढते. मग कातडी काचेसारखी पारदर्शक होते आणि आतला सांगाडा दिसतो. पांढरे दिसते ते हाड. प्राणी मेलेला नसतो, उपाशी असतो. त्या उपाशीपणात त्याला किती काळ काढता येईल हे कोणी सांगू शकत नाही.

पहिल्या प्रयत्नात त्यांनी चूक केली, आणि ती छापखान्याच्या माणसाचीच चूक होती. आयुष्यभर छपाईयंत्राच्या रुळांवरची शाई पुसलेल्या या माणसाला काचेवरचा हिरवा थर सहन होईना. त्यांनी टाकी घासली, गाळणीत नवनव्या गोष्टी घातल्या, पाणी इतके स्वच्छ केले की त्यात खायला काही उरले नाही. परत तपकिरी होऊ लागलेली दोन प्रवाळे पुन्हा फिकट झाली आणि संपली. ते सांगाडे त्यांनी टाकीशेजारच्या फळीवर ठेवले. पाहुण्यांनी "शोपीस छान आहे" म्हटले की ते म्हणत, "शोपीस नाही. मी मारलं. स्वच्छतेच्या नावाखाली उपाशी ठेवून."

त्यानंतर त्यांची पद्धत ठरली. दिव्यावर बटर पेपर लावून उजेड कमी करायचा आणि एकेक थर सावकाश काढायचा. पाण्याचे तापमान आणि खारटपणा हलू द्यायचा नाही. ड्रॉपरने बारीक खाद्य प्रत्येकाच्या तोंडाशी सोडायचे. बाकी हात खिशात. "पंख्यावर धूळ दिसली तर मला बोलतात," रेहानाभाभी म्हणाल्या, "आणि त्या काचेला मी फडकं लावलं तर जसं काही कुणाचा ऑक्सिजन काढला." मागची काच यासीनभाईंनी शेवटपर्यंत घासली नाही. वर्ष उलटण्याच्या आत टाकीतल्या एका फांदीवर निळे टोक आले. ते त्यांनी मला फोनवर फोटो पाठवून दाखवायला नकार दिला. "फोनचा कॅमेरा खोटा आहे. या. सकाळी या, खिडकी उघडी असते तेव्हा."

समुद्रातून काढलेले प्रवाळ ते घरात घेत नसत. आपल्या किनाऱ्यावरच्या प्रवाळाला कायद्यानेच हात लावता येत नाही हे ते दुकानदारांना दुकानात उभे राहून मोठ्याने सांगत. टाकीतच वाढवलेल्या तुकड्याचे कागद दाखवा, नाहीतर नमस्कार. दोन दुकानांत त्यांना बघून शटर अर्धे खाली यायचे असे ते अभिमानाने सांगत. यातले एक मी पाहिले आहे.

धायरीच्या अमेयची ओळख त्यांना या नादातूनच झाली. अमेय खराडीच्या त्या कंपनीत प्रोग्रामर. त्याच्या घरी प्रवाळ पाळणाऱ्यांची एक बैठक होती, यासीनभाईंनी मला बरोबर नेले. हॉलमध्ये पडदे ओढलेले, टाकीवर गडद निळे दिवे. प्रवाळे हिरवी-नारिंगी पेटल्यासारखी दिसत होती. मंडळी फोटो काढत होती.

"काका, कलर्स बघा," अमेय म्हणाला. "सिक, म्हणजे एकदम भारी झालेत ना?"

"तेच बघायला आलोय. साधा दिवा आहे का घरात?"

"म्हणजे?"

"म्हणजे पांढरा. आजी अभ्यासाला लावायची तसा. हे वरातीचे दिवे आहेत, चिरंजीव. वरातीत घोडासुद्धा देखणा दिसतो."

अमेयने आढेवेढे घेत हॉलची ट्यूब लावली आणि निळे दिवे बंद केले. यासीनभाईंचा ट्यूबवर विश्वास नव्हता, पण त्या संध्याकाळी तेवढी पुरली. टाकीत बहुतेक सगळे फिकट, ओल्या खडूसारखे होते. एकाने पोह्यांची बशी उचलली.

"मी तर लाइट वाढवली होती," अमेय थोड्या वेळाने म्हणाला. "कलर कमी झाला म्हणून."

"ताप आलेल्या माणसाला उन्हात बसवलंत. गोरा झाला का?"

अमेयला राग आला होता. ते स्पष्ट दिसत होते. पण पुढच्या रविवारी तो वारज्याला गेला आणि नंतर जात राहिला. काही महिन्यांनी त्याच्या टाकीतला रंग पडदे उघडे ठेवून दिसू लागला. त्यामुळेच दिवाळीनंतर कंपनीतल्या टाकीचे झाले तेव्हा त्याने यासीनभाईंचे नाव सुचवले.

कंपनीत झाले ते असे. दिवाळीच्या सुट्टीत इमारतीची वातानुकूलन व्यवस्था ऊर्जाबचतीच्या नियमानुसार बंद करण्यात आली. टाकीचे पाणी थंड ठेवणारे यंत्र त्याच लाइनवर होते, तेही बंद झाले. टाकीचे दिवे मात्र स्वागतकक्षाच्या सजावटीच्या लाइनवर होते. ते सुट्टीभर चालू राहिले. काचेची दर्शनी भिंत, आत कोंडलेली हवा, वरून पूर्ण उजेड. लोक सुट्टीवरून परतले तेव्हा सगळी टाकी पांढरी झाली होती.

कंपनीच्या इमारत-व्यवस्थेचे प्रमुख बर्वे म्हणून होते. पहिल्या भेटीला अमेय हजर होता. पुढचे संभाषण त्याने सांगितलेले आहे.

"किती दिवसांत कलर येईल?" बर्वेंनी विचारले.

"आपल्या घरी कुणी टायफॉइडमधून उठलं, तर किती दिवसांत नाचायला लावता?"

"नाही, मला टाइमलाइन द्यावी लागते."

"मग टायफॉइडची द्या."

काम तरीही त्यांना मिळाले. दुसरे कोणी मिळत नव्हते. ते आठवड्यातून तीनदा वारज्याहून खराडीला जात, शहराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला, बस बदलून. त्यांनी थंडाव्याचे यंत्र वेगळ्या लाइनवर घ्यायला लावले. दिव्यांवर बटर पेपर लावला. स्वागतकक्षातली माणसे काचेवर बोटांनी वाजवत, म्हणून त्यांनी टाकीवर स्वतःच्या अक्षरात पाटी लावली: "प्रवाळे आजारी आहेत. भेटीची वेळ नाही. काचेवर टकटक करणाऱ्याने आधी ती स्वतःच्या कपाळावर करून पाहावी." पाटी दुपारपर्यंत टिकली. ती ब्रँडिंगमध्ये बसत नसल्याचे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी विचारले की पेशंटच्या खोलीबाहेर ब्रँडिंग असते का. उत्तर मिळाले नाही. पाटीही मिळाली नाही.

नोव्हेंबरात कंपनीच्या मुख्यालयातून पाहुणे आले. त्यांतल्या एका बाईंना पांढरी टाकी फार आवडली. किती शांत, किती सुरेख, असे त्या म्हणाल्या आणि टाकीसमोर त्यांनी फोटो काढून घेतला. स्वागतकक्षाच्या भिंती पांढऱ्या आहेत, सोफे पांढरे आहेत. तो फोटो कंपनीच्या अंतर्गत संकेतस्थळावर लागला.

जानेवारीत पहिला तपकिरी रंग आला. एका फांदीच्या बुंध्याशी, नंतर दुसरीच्या. यासीनभाईंनी मला फोन केला. मी त्यांना पस्तीसेक वर्षे ओळखत होतो, पण त्या आवाजात बोलताना ऐकले नव्हते. "आलं," ते म्हणाले. "शेवाळ परत राहायला आलं. आता ती स्वतः जेवतील."

बर्वेंचे म्हणणे वेगळे होते. टाकी मळकट दिसू लागली होती. त्यांनी बैठक बोलावली. बैठकीला कार्यालयाची सजावट पाहणारी एक तरुणीही होती. अमेयला बोलावलेले नव्हते, तो स्वतःहून जाऊन बसला.

"सर, ॲक्च्युअली व्हाइट लुकला खूप छान फीडबॅक आलाय," ती तरुणी म्हणाली. "तर आम्हाला तोच मेंटेन करायचा आहे. ब्राउन नको."

यासीनभाईंनी तिला ते वाक्य पुन्हा म्हणायला सांगितले. तिने पुन्हा म्हटले.

"मुली, तुम्हाला जे आवडलंय ते हाड आहे," ते म्हणाले. "कातडीतून दिसणारं हाड. प्राणी उपाशी आहे म्हणून दिसतंय. तुम्ही मला सांगताय, याला जेवायला घालू नका, असाच छान दिसतो."

"ओके, बट आधी कलर होता तेव्हा कुणी नोटिस पण नाही केलं..."

"तांबोळी, इमोशनल होऊ नका," बर्वे म्हणाले. "शेवटी हा डेकोरचा भाग आहे."

"मग डेकोरला प्राणी कशाला आणलात? चुना आणायचा."

त्यांनी प्रस्ताव मांडला. प्रवाळे मी घरी नेतो, टाकीत तुम्हाला हवे ते ठेवा. एक पैसा नको. बर्वेंनी तो नाकारला. टाकी आणि तिच्यातील सर्व वस्तू कंपनीच्या मालमत्तेच्या नोंदीत होत्या. टाकीच्या खालच्या कोपऱ्यात तसा क्रमांकाचा स्टिकर होता. मालमत्ता इमारतीबाहेर न्यायची तर वरून मंजुरी लागते. मंजुरीसाठी मूल्यांकन लागते. आजारी प्रवाळाचे मूल्यांकन कोणाकडून करून घ्यायचे हे कोणालाच ठाऊक नव्हते. यासीनभाईंनी तीनदा लेखी विनंती केली. तिन्ही विनंत्या प्रक्रियेत असल्याचे कळवण्यात आले. दरम्यान ते येत राहिले, खाद्य घालत राहिले. ड्रॉपर ते शर्टाच्या खिशात लपवून नेत, कारण खाद्य बंद करण्याची सूचना त्यांना मिळाली होती.

फेब्रुवारीतल्या त्या बुधवारी सकाळी अमेयचा त्यांना मेसेज आला. टाकी रिकामी करत आहेत, रेझिनची पांढरी प्रवाळे आली आहेत, खोक्यांत. यासीनभाईंनी मला फोन केला. "गाडी काढा," एवढेच म्हणाले. मी पोचलो तेव्हा ते वारज्याला आपल्या इमारतीखाली उभे होते, दोन बादल्या खाऱ्या पाण्याने अर्ध्या भरलेल्या, तोंडाला प्लॅस्टिक बांधलेले.

आम्ही खराडीकडे निघालो. पुलावर वाहतूक तुंबली. पुढच्या गाडीच्या काचेवर "झाडे लावा" असा स्टिकर होता. त्यांनी तो मोठ्याने वाचला आणि म्हणाले, "हो. आणि मग सोफ्याला मॅच होत नाहीत म्हणून उपटा."

मुख्य दारावर सुरक्षारक्षकाने संगणकात पाहिले. नाव नव्हते.

"अहो, परवा तुम्हीच सोडलंत मला. सलाम केलात."

"काका, परवा नाव होतं."

"म्हणजे परवापर्यंत मी होतो."

"मी काय करू, सांगा. वरून काढलंय."

यासीनभाई त्याच्याशी भांडले नाहीत. त्यांनी बर्वेंना फोन लावला, तो उचलला गेला नाही. अमेयला लावला. अमेय वरच्या मजल्यावर बैठकीत होता. "मी मेसेज केला ना, काका," तो कुजबुजत म्हणाला. फोन मोठ्या आवाजावर होता, मला ऐकू आले.

"मेसेजमध्ये पाणी असतं का?" यासीनभाई म्हणाले. "खाली ये."

अमेय खाली आला. पिशव्या मागच्या बाजूला गेल्याचे त्याने सांगितले. आम्ही इमारतीला वळसा घालून मागे गेलो. तिथे कचरा वेगळा करण्याची जागा आहे: हिरवे डबे, निळे डबे, वर पत्रा. कचरा विभागाच्या मुकादम मंगलताई तिथे उभ्या होत्या. त्यांच्यासमोर काळ्या पिशव्या होत्या आणि एक पिशवी त्यांनी उघडलेली होती.

"ओ सायेब, ह्ये तुमचंच हाय का?" त्या अमेयच्या गळ्यातले ओळखपत्र पाहून म्हणाल्या. "ह्ये वलं का सुकं? मगापासनं इचारतीया, कुणीच सांगंना. दगड म्हनावं तर हाताला बुळबुळीत लागतंया. चुकीच्या डब्यात पडलं की मलाच बोलनार."

"बाई, हे ओलं नाही आणि सुकंही नाही," यासीनभाई म्हणाले. "हे जिवंत आहे."

मंगलताईंनी पिशवीत पाहिले. मग त्यांच्याकडे पाहिले.

"मग हितं कसं आलं?"

यासीनभाईंनी बादल्यांच्या तोंडाचे प्लॅस्टिक सोडले.

ते खाली बसले आणि पिशव्या उलगडू लागले. तुकडे एकमेकांवर फेकलेले होते, काही मोडलेले. एका पिशवीत कोणीतरी कॉफीचे कागदी कप टाकले होते. ते प्रत्येक तुकडा उचलून नाकाशी नेत. कुजल्याचा वास आला तर बाजूला, नाही तर बादलीत. अमेयने बाह्या वर केल्या आणि तोही बसला. त्याच्या गळ्यातले ओळखपत्र बादलीत लोंबत होते. त्याने ते काढून खिशात घातले.

मागच्या फाटकावर दुसरा रक्षक होता. त्याने बादल्या पाहून विचारले, "गेट पास?"

अमेय काही बोलायच्या आत मंगलताई मधे आल्या. "कचरा हाय त्यो. कचऱ्याला कसला आलाय पास? रोज गाडी जाती तवा मागतो का?"

रक्षकाने विचार केला. कचऱ्याला पास लागत नाही हे त्यालाही मान्य होते. फाटक उघडले.

परतताना यासीनभाई मागच्या आसनावर दोन बादल्यांच्या मधे बसले, प्रत्येकीवर एक हात. खड्डा आला की मला शिव्या घालत. चंदननगर मागे पडल्यावर एकदाच म्हणाले, "तीन अर्ज केले हो. मालमत्ता होती तेव्हा सोडली नाही. कचरा केला तेव्हा सोडली." घरी पोचल्यावर रेहानाभाभींनी न विचारता स्वयंपाकघरातली मोठी परात आणून दिली.

बहुतेक तुकडे पहिल्याच आठवड्यात गेले. मार्चअखेर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले. मे महिन्यात वारज्यात वीज वारंवार जात होती. रेहानाभाभी टाकीला ओले टॉवेल गुंडाळून हातपंखा घेऊन शेजारी बसत. "मी सासू आजारी असताना एवढं केलं नव्हतं," त्या म्हणाल्या. यासीनभाईंनी या काळात कंपनीला पत्र लिहिले. पत्रात मागणी एकच होती: टाकी रिकामी करण्याचा निर्णय घेणाऱ्याने नाव लिहावे. पोच मिळाली. उत्तर आले नाही.

जूनमध्ये मी त्यांना शेवटचे पाहिले. सकाळची वेळ होती, खिडकी उघडी. ते स्टुलावर बसले होते, वजन बरेच उतरलेले, राखाडी शर्ट खांद्यांवरून घसरत होता. हातात ड्रॉपर. कंपनीतून आणलेल्यांपैकी एकच तुकडा उरला होता, बोटभर लांबीची फांदी, बुंध्याशी तपकिरी, वर पांढरी. मी लाल टीशर्ट घालून गेलो होतो.

"बाजूला व्हा," ते म्हणाले. "तुमचा लाल त्याच्यावर पडतोय."

मी बाजूला झालो. रंग कधी चढेल असे मी विचारले.

"रंगाचं सगळे विचारतात. ते जेवलं का, हे कुणी विचारत नाही." त्यांनी ड्रॉपर पाण्यात धरला, दाबला आणि फांदीवरची बारीक तोंडे उघडण्याची वाट पाहत वाकून बसले. मी निघालो तेव्हाही ते तसेच बसलेले होते. दार रेहानाभाभींनी लावले.

त्याच महिन्यात, पर्यावरण दिनाच्या निमित्ताने, कंपनीने स्वागतकक्षात समुद्र वाचवण्याविषयी कार्यक्रम केला. कर्मचाऱ्यांनी निळे कपडे घालून रेझिनच्या प्रवाळांसमोर फोटो काढले. अमेयने मला तो फोटो दाखवला. तो स्वतः त्यात नव्हता. ऑगस्टमध्ये त्याने ती नोकरी सोडली. कारणे अनेक होती असे तो सांगतो.

यासीन तांबोळी यांचे जुलैत हृदयविकाराने निधन झाले. ते काम करत होते त्या वर्तमानपत्रात तीन ओळींची बातमी आली. तिच्यात त्यांचा उल्लेख "मत्स्यप्रेमी" असा होता. त्यांच्या टाकीत मासा एकच होता आणि तो शेजाऱ्यांनी सोडून दिलेला होता. छायाचित्र जुने, ट्यूबखाली काढलेले होते. शर्ट निळसर छापला गेला होता.

टाकी आता धायरीला अमेयकडे आहे. त्याच्या हॉलचे पडदे उघडे असतात. रेहानाभाभी महिन्यातून एकदा मुलीबरोबर तिथे जातात, काच पुसत नाहीत. या जानेवारीत मी गेलो तेव्हा खराडीची फांदी बरीच वरपर्यंत तपकिरी झाली होती. निळा किंवा दुसरा कोणताही रंग नव्हता. टोक पांढरे होते. वाढणाऱ्या फांदीचे टोक पांढरेच असते, मेलेल्याचेही असते. फरक एवढाच की मेलेल्या टोकावर काही दिवसांत बाहेरचे हिरवे शेवाळ, काचेवर धरते तसले, चढते. अमेयने भिंगाने पाहिले, मग मी पाहिले. गेल्या रविवारी त्याने पुन्हा पाहून फोन केला. टोकावर शेवाळ चढलेले नाही.